गाडी उभी, बॅटरी खाली

रविवारी रात्री पार्किंगमध्ये धडधाकट उभी केलेली गाडी गुरुवारी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टिक टिक’ करायची. बाबांची २००८ सालची छोटी पेट्रोल गाडी. वापर म्हणजे आठवड्यातून एकदा बाबांचा दवाखाना, आणि रविवारी कुणाकडे जाणं असेल तर तेवढं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही सरळ बॅटरी बदलली. जुनी चार वर्षांची होती, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही. अकरा महिन्यांनी नवीही तशीच बसायला लागली. गॅरेजवाले म्हणाले, “ताई, बॅटरीच गेलीय, दुसरी टाकून घ्या.” बॅटरीवाल्याने ती रात्रभर चार्जिंगला लावली, लोड देऊन तपासली आणि परत हातात दिली. “बॅटरी ठणठणीत आहे. तुमच्या गाडीतच लीकेज आहे.” दोघंही अगदी खात्रीने बोलत होते आणि गाडी बंदच होती.

शेवटी ते लीकेज शोधायला मीच बसले. मी इलेक्ट्रिशियन नाही. एक रविवार सकाळ, तीनशे रुपयांच्या आतला पिवळा मीटर आणि १० नंबरचा पाना, एवढ्यावर काम झालं. त्यानंतर सोसायटीतल्या तीन-चार गाड्यांवर हाच प्रयोग केला. ज्यांची गाडी दहा-पंधरा वर्षांची आहे आणि चालते कमी, उभी जास्त असते, त्यांच्यासाठी ही सगळी हकीकत.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. बॅटरी उतरते म्हणजे गळतीच असते असं नाही. गच्चीवरची टाकी सकाळी रिकामी दिसली तर तीन शक्यता असतात: टाकीला तडा गेलाय, पंप नीट चढवत नाही किंवा कुठला तरी नळ ठिबकतोय. गाडीचंही तसंच आहे. बॅटरी स्वतःच थकलीय, चार्जिंग पुरेसं होत नाही किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. पहिल्या दोन शक्यता दहा मिनिटांत निकालात निघतात. त्या तपासल्याशिवाय तिसरीच्या मागे लागलात तर अख्खा दिवस वाया जातो. हे मी अनुभवाने सांगते, कारण शेजारच्या काकांच्या गाडीचे सगळे फ्यूज काढून झाल्यावर आम्हाला कळलं की त्यांची बॅटरी सहा वर्षांची होती.

मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फसवा येतो. मग हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. १२.६ किंवा थोडं वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ ला आली की जेमतेम पाव उरलेली असते, आणि ११.८ दिसलं तर रिकामीच समजा. किती बारीक फरकांचा खेळ आहे बघा. ‘बारा व्होल्टची बॅटरी आहे आणि बारा दाखवतेय, मग अडचण काय’ असं म्हणणारे भेटतात. अडचण हीच, की बारा दाखवणारी बॅटरी जवळजवळ संपलेली असते. गुरुवारी सकाळी आमची ११.९ वर होती.

आता इंजिन चालू करून पुन्हा तिथेच मोजा. साधारण १३.८ ते १४.५ मध्ये कुठेतरी यायला हवं. साडेतेराच्या खाली रेंगाळत असेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं फूल, यापैकी काहीतरी आहे. टर्मिनलवरचं फूल गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुऊन काढा. बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत मात्र जाऊ देऊ नका. बॅटरीचा माथाही पुसा. त्यावर धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर साचला की तोच दोन टर्मिनलांमधली चोरवाट बनतो. खात्री करायची असेल तर मीटरचं एक टोक टर्मिनलवर धरा आणि दुसरं बॅटरीच्या प्लास्टिकच्या माथ्यावरून हळूच फिरवा. प्लास्टिकवर व्होल्ट दिसायलाच नकोत. दिसले तर फडकं घ्या.

बॅटरीची स्वतःची तब्येत घरच्या मीटरवर पूर्ण कळत नाही. पूर्ण चार्ज करून ती गाडीपासून सुटी ठेवा, म्हणजे मायनसची केबल काढून ठेवा, आणि दोन दिवसांनी मोजा. १२.६ ची १२.५ झाली तर ठीक. गाडीशी संबंध नसतानाही ती १२.२ वर आली तर दोष बॅटरीत आहे आणि पुढचं वाचायची गरज नाही. पाणी घालायची झाकणं असतील तर बॅटरीवाल्याकडून प्रत्येक खान्याची ग्रॅव्हिटी बघून घ्या. सहा खान्यांपैकी एकाचाच आकडा बाकीच्यांपेक्षा चांगला खाली असेल तर तो सेल गेलेला असतो. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच असतं की’ म्हणून घालतात, ते नको. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण असतात.

आमची बॅटरी सुटी असताना दोन दिवसांनी १२.६ वरच होती. म्हणजे बॅटरीवाला खरं बोलत होता.

गळती किती, याचं गणित

गाडी बंद असताना थोडा करंट जातोच. घड्याळ, रेडिओची आठवण, सेंट्रल लॉकिंगचा रिमोट ऐकणारा डबा, इंजिनचा कॉम्प्युटर, हे सगळे डोळे मिटूनही जागे असतात. जुन्या, साध्या गाडीत हे सगळं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर होतं. अँपिअरमध्ये सांगायचं तर ०.०२ ते ०.०५.

आता हिशोब करा. छोट्या गाडीत ३५ एएचची बॅटरी असते, म्हणजे एक अँपिअर घेतला तर ३५ तास पुरेल. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ एएच जातात. या वेगाने बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे लागतील. म्हणून गणपतीला कोकणात दहा दिवस जाऊन आलात आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, तर तुमचं सगळं ठीक आहे. पण तोच करंट ३०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला सात एएच जातात. तीन-साडेतीन दिवसांत बॅटरीत पाव भाग उरतो आणि सेल्फ फिरत नाही. आमचा रविवार ते गुरुवार नेमका एवढाच होता. गाडी किती दिवसांत बसते हे नीट आठवून कागदावर लिहा. मीटर लावण्याआधीच गळती कुठल्या मापाची आहे याचा अंदाज येतो. एका रात्रीत बसणारी गाडी आणि आठवड्याने बसणारी गाडी, यांचे चोर वेगवेगळे असतात.

एका रात्रीतला चोर बहुतेक वेळा दिवाच असतो. ब्रेकच्या पॅडलला वर एक छोटं प्लास्टिकचं बटण टेकलेलं असतं आणि तेच ब्रेक लाइटचा स्विच दाबून धरतं. जुन्या गाडीत ते प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन चुरा होतं. मग पॅडल सोडलं तरी मागचे ब्रेक लाइट पेटलेलेच राहतात. २१ वॅटचे दोन दिवे म्हणजे साडेतीन अँपिअर, दहा तासांत बॅटरी साफ. पायाशी गालिच्यावर प्लास्टिकचे बारीक तुकडे सापडले तर ते झाडून टाकण्याआधी गाडीमागे जाऊन बघा. डिक्कीतला पाच वॅटचा दिवा एवढी घाई करत नाही, पण दिवसाला दहा एएच तोही खातो. झाकण लावल्यावर तो विझतो का हे आत बसून बघता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करा, फोन डिक्कीत ठेवा, झाकण लावा, दहा सेकंदांनी उघडा. व्हिडिओत अंधार दिसला पाहिजे. डॅशबोर्डच्या कप्प्यात दिवा असेल तर तिथेही हेच करा.

आणि दाराच्या चौकटीतला स्विच. दोन-चार पावसाळे खाल्ले की त्याचं रबर फाटतं, आत गंज बसतो आणि दार लावलं तरी गाडीला वाटतं ते उघडंच आहे. छतावरचा दिवा पेटलेला राहायला लागतो, मग कुणीतरी कंटाळून तो दिवाच कायमचा ऑफ करून टाकतं. दिवा दिसेनासा होतो, पण लॉकिंगचा डबा दार उघडं समजून रात्रभर जागाच राहतो. असा ‘बंद केलेला’ दिवा तुमच्या गाडीत असेल तर तिथे आधी हात घाला.

काही निरपराधांवर उगाच आळ येतो. फास्टॅगवर संशय घेणारे मला दोघं भेटले. त्या स्टिकरला बॅटरीही नाही आणि गाडीची वायरही नाही. टोलनाक्यावरचा रीडर जी लहर सोडतो त्यावरच ते उत्तर देतं. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, इंजिनच्या सॉकेटमध्ये खुपसलेलं ब्लूटूथचं यंत्र, लायटरच्या सॉकेटमधला निळा दिवा पेटणारा मोबाइल चार्जर, हे मात्र खरे संशयित. सगळे काढून ठेवा आणि मगच मोजायला बसा.

मीटर मध्ये बसवताना

इथे सावकाश वाचा, कारण चूक झाली तर मीटर जळतो किंवा त्याहून वाईट काही होतं. व्होल्ट मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावतात. करंट मोजताना तो वाटेत बसवायचा असतो, म्हणजे सगळा करंट मीटरमधून गेला पाहिजे. मीटरला तीन भोकं असतात. काळी वायर ‘कॉम’मध्येच राहते. लाल वायर काढून ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात घाला आणि गोल बटणही १० ए वर आणा. वायर तिथे असताना मीटर चुकून बॅटरीच्या प्लस-मायनसला लावलात तर तो सरळ शॉर्ट आहे. स्वस्त मीटरमध्ये १० ए च्या भोकाला आत फ्यूजही नसतो आणि वायर हातात वितळते. काम संपलं की लाल वायर लगेच पुन्हा व्होल्टच्या भोकात घाला. उद्या कुणीतरी व्होल्ट मोजायला मीटर उचलेल, त्याच्यासाठी.

हातातल्या बांगड्या, कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो, म्हणून जवळ ठिणगी आणि विडी-सिगारेट नको. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, मीटर दहाचा आहे. घरात आणखी कुणी असेल तर किल्ली आपल्या खिशात ठेवा. माझ्या बाबांनी “चालू होते का बघू” म्हणून एकदा हात घातलाच होता.

बाजारात तारेभोवती चिमटा लावून करंट दाखवणारे मीटर मिळतात. घरच्या वायरमनकडे असतो तो बहुतेक फक्त एसी मोजतो, गाडीत त्याचा उपयोग नाही. साधा मीटर आणि मगरीच्या तोंडासारखे चिमटे असलेल्या दोन वायरी घ्या. पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही एकाच दुकानात मिळतील.

केबल नेहमी मायनसचीच काढायची. प्लसचा नट सोडवताना पाना बॉनेटच्या पत्र्याला टेकला तर प्रचंड ठिणगी उडते, कारण सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनसचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

आता खरी खुबी. केबल काढून मग मीटर जोडला तर गाडीचा करंट क्षणभर तुटतो आणि पुन्हा जोडताच सगळे डबे दचकून जागे होतात. कधी कधी जो दोष रात्री लपून काम करत होता तो या झटक्याने तात्पुरता बराही होतो आणि तुम्हाला सगळं आलबेल दिसतं. म्हणून आधी मायनसचा नट नुसता ढिला करा, केबल जागेवरच राहू दे. मीटरचा एक चिमटा केबलच्या पट्टीला, दुसरा बॅटरीच्या खांबाला लावा. मग पट्टी हळूच वर उचला. करंट न तुटता मीटरमधून वाहायला लागतो. पट्टी बाजूला घेऊन फडक्यात गुंडाळा म्हणजे ती परत खांबाला टेकणार नाही. एकाच हाताने घाईत करू नका, चिमटा सुटतो.

याआधी गाडी झोपेल अशी व्यवस्था केलेली हवी. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून ठेवा. फ्यूजचा डबा डॅशबोर्डखाली असतो आणि दार उघडलं की गाडी पुन्हा जागी होते. मी दार उघडंच ठेवते, पण दाराच्या कुलपातली कडी स्क्रूड्रायव्हरने फिरवून ‘बंद’ करते आणि चौकटीतला स्विच दाबून त्यावर चिकटपट्टी लावते. गाडीला वाटतं दार लागलंय. काम झाल्यावर हँडल ओढून ती कडी पुन्हा मोकळी करायला विसरू नका. तशीच विसरून दार आपटलंत तर पत्रा वाकेल.

मग वाट बघा. ही पायरी सगळे चुकवतात. मीटर लावल्या लावल्या आमच्याकडे ०.८ च्या आसपास दिसलं. गॅरेजमध्ये कुणी हे पाहिलं असतं तर तिथेच फ्यूज उपटायला घेतले असते. दहा मिनिटांनी आकडा खाली आला, आणखी पाच मिनिटांनी ०.३१ वर स्थिर झाला. जुन्या साध्या गाडीला पंधरा मिनिटं पुरतात. ज्या गाडीत जास्त इलेक्ट्रॉनिक्स आहे तिला अर्धा-पाऊण तास द्या. त्या वेळात चहा प्या, पण बॉनेटवर कप ठेवू नका.

०.३१. तीनशे दहा मिलिअँपिअर. दिवसाला साडेसात एएच. गुरुवारचं गणित जुळलं.

फ्यूज गल्ली दाखवतो, घर नाही

आता एकेक फ्यूज काढायचा, मीटरकडे बघायचं, फ्यूज परत लावायचा, पुढचा. दोन माणसं असतील तर सोपं: एक आत, एक मीटरपाशी. फ्यूजच्या डब्याचा आधी मोबाइलवर फोटो घ्या. दहाच्या जागी तीसचा फ्यूज बसला तर पुढे वायर जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. एअरबॅग असेल तर तिच्या पिवळ्या कनेक्टरांना मुळीच हात लावू नका.

एकेक उपटायचं नसेल तर दुसरी रीतही आहे. ती मला जास्त आवडते, कारण काहीच काढावं लागत नाही आणि कुणी जागं होत नाही. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. बॅटरीची केबल जागेवर असू दे, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा, लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना बघा, आणि दोन टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर ०.१, ०.५, असा काहीतरी आकडा. दहा अँपिअरच्या फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण दहा-पंधरा मिलिअँपिअर. नेमक्या आकड्याशी आपल्याला देणंघेणं नाही, कुठला फ्यूज शून्य नाही एवढंच हवं.

आमच्या गाडीत छताच्या दिव्याचा फ्यूज काढल्याबरोबर ०.३१ चं ०.०१ झालं. मी टाळी वाजवणार होते, पण बाबा म्हणाले, “अगं, दिवा तर बंदच आहे.” बरोबर होतं. त्या एका फ्यूजवर छताचा दिवा, घड्याळ, लॉकिंग आणि म्युझिक सिस्टिमची आठवण, सगळेच बसलेले होते. फ्यूजने गल्ली सांगितली, घर शोधायचं बाकी होतं. फ्यूज परत लावला, आकडा पुन्हा बसू दिला, मग एकेकाचं कनेक्शन सोडवलं. दिव्याचा बल्ब काढला, ०.३१ च. लॉकिंगचा डबा सोडवला, ०.२९. तो परत लावून म्युझिक सिस्टिम खाचेतून ओढून मागचा प्लग काढला, आणि मीटर ०.०३ वर येऊन थांबला.

सिस्टिम कंपनीची नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवून घेतली होती. अशा सिस्टिमला मागून साधारणपणे पिवळी वायर कायम चालू लाइनची, लाल वायर किल्लीची आणि काळी अर्थची असते. पिवळी फक्त घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरता करंट घेते. लाल वायरला करंट मिळाला की सिस्टिम समजते, किल्ली चालू आहे. आमच्याकडे बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायम चालू लाइनला जोडल्या होत्या. त्याचा फायदा असा की किल्ली काढली तरी गाणी ऐकता येतात. बाबांना ते फार आवडलं होतं. समोरचं बटण दाबलं की स्क्रीन काळा व्हायचा, पण आत सिस्टिम दिवसरात्र जागी असायची. पडदा काळा म्हणजे यंत्र बंद, हा आमचा समज होता.

दुरुस्ती सोपी होती. पिळलेला जोड सोडवला. लायटरच्या सॉकेटमागची लाइन टेस्ट लॅम्पने तपासली: किल्ली काढल्यावर लॅम्प विझतो, किल्ली फिरवली की पेटतो. लाल वायर तिथे नेली, सोल्डर केली आणि वर आकसणारी प्लास्टिकची नळी चढवली. नुसती काळी चिकटपट्टी लावायची नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे तिचा गोंद वितळतो, पट्टी सरकते आणि उघडी तार पत्र्याला टेकते.

आमचा चोर फ्यूजमागे होता म्हणून लवकर सापडला. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर तो अशा वायरीवर आहे जी फ्यूजच्या डब्यात जातच नाही. तिथे पहिला संशय अल्टरनेटरवर घ्या. त्याची जाड वायर बॅटरीशी कायम जोडलेली असते आणि मधे अडवायला फक्त आतले डायोड असतात. एक डायोड झिरपायला लागला की गाडी बंद असताना करंट उलटा वाहतो. मजा म्हणजे चार्जिंगचा आकडा यातही बऱ्यापैकी दिसू शकतो. सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना, अल्टरनेटरवर हात ठेवून बघा. बाकी इंजिन गार आणि तो एकटा कोमट असेल तर बरंच कळलं. खात्रीसाठी बॅटरीची मायनस काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला नीट इन्सुलेशन करा, मग मीटर पुन्हा वाटेत बसवा. आकडा पडला तर अल्टरनेटर बांधणाऱ्याकडे जा. डायोडची प्लेट बदलून मिळते, अख्खा नवा घ्यावा लागत नाही.

रिलेही चिकटतात. हॉर्न, रेडिएटरचा पंखा आणि एसीचे रिले बऱ्याच गाड्यांत एकाच नमुन्याचे असतात. जो बंद गाडीत कोमट लागतो तो काढून दुसऱ्याच्या जागी लावून बघा, दोष त्याच्याबरोबर सरकतो. किल्लीचा स्विच झिजला असेल तर किल्ली पूर्ण मागे न फिरवताही बाहेर निघते आणि अर्धी गाडी चालू राहते. सोसायटीच्या तळमजल्यावर उंदीर असतील तर बॉनेट उघडून वायरींवर दातांच्या खुणाही बघा. कोरलेली वायर कोरडी असताना गप्प असते आणि पावसाळी हवेत झिरपते. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाला मीटरपेक्षा वही बरी. कुठल्या दिवशी बॅटरी बसली, पाऊस होता का, आदल्या दिवशी मागचा वायपर किंवा एसी लावला होता का, हे महिनाभर लिहा.

मीटर नसलेले जुने मिस्त्री केबल काढून टर्मिनलवर टिचकी मारतात आणि ठिणगी उडाली की ‘लीकेज आहे’ म्हणतात. जोडताना गाडीतले डबे जागे होतात, त्यामुळे थोडी ठिणगी निरोगी गाडीतही उडते, आणि बॅटरीजवळ ठिणगी उडवणं हा प्रकारच वाईट. त्याच मिस्त्रींची दुसरी रीत चांगली आहे: मायनस केबल आणि खांब यांच्यामध्ये पाच वॅटचा बल्ब जोडायचा. नीट उजळला तर गळती मोठी. विझलेला किंवा जेमतेम लालसर असेल तर लहान किंवा नाहीच.

शोध लागेपर्यंत काय? गाडी उभी करताना मायनस काढून ठेवा, किंवा तिथे बसणारा फिरवायचा कट-ऑफ स्विच दोन-तीनशे रुपयांत मिळतो तो लावा. गाडी महिन्यातून एकदाच काढणाऱ्यांसाठी माझ्या मते हा कायमचाही चांगला उपाय आहे. घड्याळ दर वेळी लावावं लागेल, इतकंच. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवणं मात्र सोडा. सेल्फने घेतलेलं तेवढ्यात भरून निघतं, पण दिवसभरात गळून गेलेले सात एएच जागेवरच्या त्या पाच मिनिटांत येत नाहीत. जी बॅटरी ११.९ पर्यंत उतरलीय ती चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा. अर्धपोटी ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग गळती बंद झाली तरी बॅटरी पूर्वीसारखी होत नाही.

आमचं काम झाल्यावर पिवळा मीटर पुन्हा एकदा वाटेत बसवला: पंधरा मिनिटांनी ०.०३. मायनस आवळली, घड्याळ लावलं, दाराची कडी मोकळी केली. गुरुवारी सकाळी किल्ली न लावता आधी मोजलं, १२.५. बाबांनी सेल्फ मारला, इंजिन लागलं, आणि मग लगेच त्यांनी किल्ली काढून म्युझिक सिस्टिमचं बटण दाबून बघितलं. ती लागली नाही. “आता गाणी ऐकायला गाडी चालूच ठेवायची का?” असं त्यांनी विचारलं. किल्ली एक घर पुढे फिरवली की लागते, हे दाखवलं.